अडीच खिडक्यांचं कापड

पडद्याला चुण्या कशाला लागतात, हे मला आजतागायत कोणी पटवून दिलेलं नाही. पडदा म्हणजे आडोसा. आडोशाने सरळ असू नये असा काही नियम आहे काय? पण हे मी आता म्हणतो. त्या वर्षी मी चुण्यांचा इतका कट्टर पुरस्कर्ता झालो होतो की वर्ध्याच्या बाजारात चुण्यांवर माझ्याइतकं बोललेला दुसरा भांडेवाला सापडला नसता.

सुरुवात उज्वलाने केली. उज्वला म्हणजे आमची सौभाग्यवती. नागपूरला तिच्या भावाच्या नातवाचं बारसं होतं. तिथून आली आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "आपल्या खिडकीले चुण्यावाला पडदा पाहिजे बा. भाऊच्या इथं पाह्यला मी. मस्त दिसते."

बस, एवढंच. एक खिडकी, एक पडदा. कोणती खिडकी हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारत बसणं माझ्या स्वभावात नाही. घरात माझा शब्द शेवटचा असतो, हे आमच्या पिपरी मेघेच्या कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच ते सांगितलेलं होतं. संध्याकाळी दुकान वाढवून आलो की मी फाटकापाशी उभा राहतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलतो. महागाई, पाऊसपाणी, आणि 'आपल्या घरात बाईमाणसाने आवाज चढवलेला मला खपत नाही', हे तीन विषय ठरलेले. स्वयंपाकाच्या कामाला मी बोट लावत नाही, असंही मी अधूनमधून कळवत असे. लोक माना डोलावत. त्या माना का डोलत होत्या हे मला फार उशिरा कळलं.

तर अशा माणसाने एक पडदा घेणं इभ्रतीला शोभणारं नव्हतं. मी जाहीर केलं, "एक काऊन? सगळ्या खिडक्यांले करू."

"सगळ्यांले कायले? मी तं फक्त..."

"ठरलं," मी म्हणालो. शेवटचा शब्द.

आमच्या घराला चार खिडक्या. समोरच्या खोलीच्या दोन, गल्लीकडे तोंड करून. उजवीतून आत पाहिलं तर समोरच्या भिंतीवर मोठं गोल घड्याळ दिसतं. वास्तुपूजनाला अख्ख्या कॉलनीने वर्गणी काढून दिलेलं, त्यावर सोनेरी अक्षरात 'सप्रेम भेट'. पाहुणा आला की मी त्याला आधी ते दाखवत असे. डाव्या खिडकीतून टीव्ही दिसतो. तिसरी खिडकी स्वयंपाकघराची, बोळाकडची. चौथी झोपायच्या खोलीची, पण तिच्यात कूलर बसवलेला, म्हणून तिला मी यादीतून काढून टाकलं. कूलरला कोणी चुण्या घालतं काय? बाकी तिन्ही खिडक्यांवर आजवर उज्वलाच्या जुन्या साड्यांचे तुकडे स्प्रिंगमध्ये ओवून लावलेले होते. ते दुपारपर्यंत एका कोपऱ्यात गोळा होऊन बसत आणि रात्रीही तिथेच असत.

पडद्यांची बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. इतके बारकाईचे सल्ले मला माझ्या लग्नातही मिळाले नव्हते.

पहिला आला शेजारचा खुशाल. हा पुलगावला एका कचेरीत बाबू आहे, रोज सकाळच्या पॅसेंजरने जातो. नोकरी त्याच्या जिभेत उतरलेली आहे. म्हणाला, "काकाजी, माझा अभिप्राय असा हाय का, सदर उजव्या खिडकीचा वरचा अर्धा भाग मोकळा ठेवावा. पडदा फक्त खालच्या अर्ध्याले."

"काऊन?"

"हवा खेळती राह्यते."

"आन डाव्या खिडकीले?"

"तिच्याबाबत माझं काही म्हणणं नाई."

डाव्या खिडकीबाबत म्हणणं होतं ते समोरच्या आनंदाबाईंचं. त्या रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून आमच्या घराकडे तोंड करून बसतात. हवा खायला बसतात, अशी माझी समजूत. त्या रस्ता ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, डाव्या खिडकीले हातच लावू नका. डावीकडून लक्ष्मी येते."

"आनंदाबाई, लक्ष्मी दारातून येते."

"दारातून सकाळी येते. रातच्याले जेवणं झाल्यावर खिडकीतूनच येते."

एवढं नेमकं वास्तुशास्त्र मी कुठे ऐकलं नव्हतं. तिसरा सल्ला तानबाचा. तानबा जवळच्या खेड्यातला, स्वतःच्या मळ्यातली भाजी सायकलवर घेऊन बोळातून येतो. तो म्हणाला, "शेटजी, सैपाकखोलीले झिरझिरीत कापड घेजा. बाईले अंधारात भाजी चिरा लागन." मला गहिवरून आलं. भाजीवालासुद्धा माझ्या बायकोच्या डोळ्यांची काळजी करतो! माणसाने कॉलनीत मान मिळवावा तर असा, असं मी उज्वलाला म्हणालोही. तिने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं आणि ती आत गेली.

मग आम्ही प्रेमदासच्या दुकानात गेलो. प्रेमदास पडद्याचं कापड विकतो आणि शिवूनही देतो. मी खिडकीचं माप सांगितलं. त्याने कापडाचं माप सांगितलं. मी त्याला म्हणालो, बाबा, मी एका खिडकीचं विचारतो आहे.

"एकीचंच सांगून राह्यलो शेटजी. चुण्या घालाच्या म्हणजे अडीचपट कापड लागते."

खिडकी एक आणि कापड अडीच खिडक्यांचं! उरलेल्या दीड खिडक्यांचं कापड घडीत दडपायचं, आणि ते दडपलंय म्हणून पाहुण्यांनी वा वा करायची. मी प्रेमदासला म्हणालो, "मी गिऱ्हाइकाले पितळेचा एक गंज देला आन अडीच गंजांचे पैसे मागितले, तं मले बाजारात राहू देतील का?" तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या गंजाले चुण्या पडल्या तं गिऱ्हाइक परत आणते. आमच्याले नाई पडल्या तं परत आणते. धंदा वेगळा हाय."

चुण्यांचेही प्रकार निघाले. एक तीन बोटांत चिमटल्यासारखी, एक पेल्यासारखी फुगलेली, आणि एक डब्याची, म्हणजे चौकोनी घडीची. डबा म्हटल्यावर मी पुढे ऐकलंच नाही. पिढीजात धंद्याशी माणसाने इमान राखायला हवं. उज्वलाने फिकट दुधी रंगाचं, बारीक रेघेचं कापड हातात घेतलं होतं. मी ते तिच्या हातातून काढून ठेवलं आणि विटकरी रंगावर ताटाएवढी पिवळी फुलं असलेलं निवडलं. लांबून दिसलं पाहिजे की नाही? प्रेमदासने वर जाड अस्तर सुचवलं. "याच्यातून ऊन नाई, उजेड नाई, आवाज सुद्धा नाई," तो म्हणाला. 'आवाज सुद्धा नाई' म्हटल्यावर उज्वला पहिल्यांदा त्या कापडाकडे नीट पाहायला लागली. तिने अस्तर बोटांत धरून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि म्हणाली, "घ्या."

माझी निवड तिला पटली याचा मला तेव्हा अभिमान वाटला.

पडद्यांचे दांडे मी स्कूटरवरून घरी नेले. माणसाने तीन लांब दांडे काखेत धरून स्कूटर चालवू नये. मी वळलो की दांडे माझ्या आधी वळत, आणि थांबलो की दांडे थांबत नसत. एका केळीवाल्याचा टांगलेला घड माझ्यासोबत चौकापर्यंत आला. वाहतुकीच्या शिपायाने मला थांबवलं तेव्हा पुढचं टोक त्याच्या टोपीखाली गेलं आणि टोपी वर उचलली गेली. त्याने दांड्यांची पावती मागितली, मग स्कूटरची, आणि शेवटी मी केळ्यांची पावती का दाखवू शकत नाही असं विचारलं. मी त्याला 'वर्ध्यातला प्रतिष्ठित व्यापारी' असं सांगत असताना मागून केळीवाला "धरा त्याले" म्हणत येत होता.

घरी दांडा बसवताना भिंतीचं हातभर प्लास्टर खाली आलं. नुसत्या दांड्याच्या वजनाने दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा लाकडी गुटके ठोकून दांडा टिकला. आता पडदे चढवायचे. प्रेमदासने पाठवलेला माणूस फुलांची बाजू खोलीकडे करून लावायला लागला. मी त्याला थांबवलं.

"उलटं काऊन लावून राह्यला?"

"सुलटच हाय शेटजी. फुलं आतून."

तीस वर्षं मी दुकान चालवतो. माल नेहमी रस्त्याकडे तोंड करून मांडायचा, हे मला तो कालचा माणूस शिकवणार? खर्च केला मी, फुलं निवडली मी, आणि ती बघणार कोण, तर मीच? मी पडदे फिरवून घेतले. फुलं गल्लीकडे, अस्तर आत. मग बाहेर जाऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. विटकरी रंगावर पिवळी फुलं, डब्याच्या चुण्यांत निम्मी लपलेली, निम्मी फुललेली. फार सुंदर दिसत होतं. गल्लीत मात्र कोणी वा म्हणालं नाही. आनंदाबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी पडद्यांकडे पाहिलं, खुर्ची उचलली आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुशाल दारात उभा. हातात डबा, चेहरा उतरलेला.

"काकाजी, गाडी गेली."

"कोणाची?"

"माझी. पॅसेंजर. तुमच्या पडद्यानं."

माझा चहा बशीतच राहिला. हळूहळू जे बाहेर आलं ते असं, की खुशाल रोज गल्लीत उभा राहून दात घासताना आमच्या उजव्या खिडकीतून घड्याळ पाहतो. कोपऱ्यावरच्या घरातली पोरं त्यावर शाळेला निघतात. पलीकडचे नळाला पाणी यायच्या वेळेला त्यावरूनच बादल्या लावतात. "तुमची घडी जराशी पुढं राह्यते," खुशाल म्हणाला, "ते सगळ्यांले माहीत हाय. तेवढं धरूनच चालतो आम्ही."

"तुह्या घरी घडी नाई काय?"

"मनगटाची हाय. पण पाहाले हात वर करा लागते."

संध्याकाळी आनंदाबाई आल्या.

"भाऊ, डावा पडदा जरासा सरकवता काय? परवा सासूनं सुनेचे दागिने लपवले. पुढं काय झालं ते काही समजलंच नाई."

"कोणत्या सासूनं?"

"टीव्हीतल्या."

म्हणजे बाई हवा खात नव्हत्या. माझ्या वीजबिलावर माझी मालिका पाहत होत्या. "पण तुम्हाले आवाज येते कुठं?" मी विचारलं.

"आवाज कायले पाहिजे? सासू हाय, सून हाय, समजते. तुमचं नाई का समजत?"

"आमचं?"

आनंदाबाईंनी उजव्या हाताचं बोट वर केलं आणि हलवलं. ते बोट मी ओळखलं. तसं बोट जगात एकच बाई हलवते, आणि ती माझ्या घरात राहते. "उज्वलाचं बोट वर गेलं," आनंदाबाई कौतुकाने म्हणाल्या, "का तुम्ही पोळपाट घेऊन टीव्हीसमोर बसता. इतक्या गोल पोळ्या माह्या सुनेले येत नाई. मी तिले खिडकीतून दाखवते, म्हणते पाय, शीक काही."

पायाखालची जमीन सरकणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं मी फाटकापाशी उभा राहून 'स्वयंपाकाला बोट लावत नाही' म्हणत होतो, आणि ऐकणाऱ्यांनी आदल्या रात्री माझ्या पोळ्या मोजलेल्या असत. आणि तरी माना डोलावत होते! एकानेही कधी हसू येऊ दिलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

तिसरा घाव तानबाने घातला. त्याने आमच्याकडे भोपळा आणला, आणि घरात दोन भोपळे आधीच होते. "आता मले कसं समजन?" तो उज्वलासमोर कुरकुरला. "पयले खिडकीतून तुमची टोपली दिसे. काय सरलं, काय हाय, पाहून मी तेच आणो. आता सगळा अंधार. शेटजी डब्यातून गूळ काढत ते बी दिसे, पण मी कधी कोणाले सांगतलं नाई."

तानबा मनाचा निर्मळ माणूस. मला साखरेचा आजार आहे आणि गूळ बंद होऊन वर्षं झाली, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. उज्वलाने माझ्याकडे पाहिलं. बोट वर गेलं नाही. ती नुसती हसली.

त्याच संध्याकाळी गल्लीचं शिष्टमंडळ आलं. पुढे खुशाल. "काकाजी, विषय असा हाय का, सदर घडी गल्लीले दिसत नसल्यामुळं समस्त रहिवाशांची गैरसोय होऊन राह्यली. तरी योग्य ते करावं."

मी तापलेलोच होतो. "घडी माही हाय! मले तुम्ही प्रेमानं देल्ली हाय!"

"प्रेमानंच देल्ली," खुशाल म्हणाला. "पण जागा पाहून देल्ली. खिळा मीच ठोकलता. आधी रस्त्यावर उभा राहून पाह्यलं, कुठून दिसते ते. मंग ठोकला."

हे मात्र लागलं. बाकी सगळं मी पचवलं असतं. पोळ्या दिसल्या तर दिसल्या, गूळ दिसला तर दिसला. पण ते घड्याळ म्हणजे माझा मान, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. वास्तुपूजनाच्या दिवशी खुशाल घामाघूम होऊन खिळा ठोकत होता तेव्हा मी उज्वलाला हळूच म्हणालो होतो, बघ, लोक किती जीव लावतात. तो जीव घड्याळाला लावत होता. मी स्टूल घेतलं, घड्याळ उतरवलं आणि खुशालच्या हातात दिलं. "घेऊन जा तुमची भेट," म्हणालो.

मग गल्लीची जी धावपळ झाली ती मी अस्तराच्या फटीतून पाहिली. घड्याळ विजेच्या खांबाला बांधलं. विजेच्या खात्याचा माणूस आला आणि खांबावर खाजगी वस्तू लावायला परवानगी लागते म्हणाला. खुशालने अर्ज केला. उलट प्रश्न आला की घड्याळ कोणाच्या मालकीचं? सगळ्यांच्या, असं लिहिलं, तर सगळ्यांच्या सह्या मागितल्या. शेवटी त्यांनी ते कडुनिंबाला टांगलं. त्यावर कावळे बसायला लागले आणि काटे कावळ्यांच्या मर्जीने चालायला लागले. मला मनातून बरं वाटलं. आता कोणी बघत नाही, आता आपण आपल्या घरचे राजे.

अशाच एका रात्री जेवणं झाली. मी सोफ्यावर पाय पसरले. उज्वला उठली, तिने दाराला कडी घातली. उजवा पडदा ओढून घेतला, डावा ओढून घेतला. कडेची फट बोटाने दाबून बंद केली, अस्तर चाचपून पाहिलं. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बसा नीट," ती म्हणाली.

"काऊन?"

आणि तिने आवाज लावला. मी तीस वर्षांत हा आवाज ऐकलेला नव्हता. तो कुठे होता, तिने तो कुठे ठेवला होता, हे मला कळेना. काचेच्या कपाटातले पेले थरथरले.

"आजपर्यंत गल्ली पाहून राह्यली होती, म्हणून मी बोटावर भागवलं! लोकं काय म्हणतीन म्हणून ओठ मिटून बोलली! आता पडदे हाय, अस्तर हाय, आवाज बाहेर जात नाई. आता ऐका!"

"म्हणजे तुले माहीत होतं? ते पाहतात ते?"

"सगळ्या गल्लीले माहीत होतं! तुम्हालेच नाई!"

मग ती गुळापासून सुरू झाली. गुळावरून साखरेच्या आजाराच्या औषधांवर, तिथून माझ्या आईवर, आईवरून लग्नात आमच्याकडून गेलेल्या पातळांवर. मी मध्ये शेवटचा शब्द टाकायचा प्रयत्न केला, पण तिथे शेवटच नव्हता. "घडी कोणाले विचारून देल्ली?" ती म्हणाली. "ते माह्या वास्तूची भेट होती! आन पडदा कोणत्या खिडकीले मांगतला होता मी? सांगा! झोपाच्या खोलीच्या! कूलरच्या वरून सकाळचं ऊन सरळ डोळ्यावर येते माह्या, म्हणून एक पडदा मांगतला. एक! तुम्ही तीन आणले, आन ज्या खिडकीले पाहिजे तिथं नाई!"

चार खिडक्यांतली नेमकी तीच मी यादीतून काढली होती.

"आन हे पाहा!" तिने पडद्याला हिसका दिला. "रोज पाहते मी हे मळकं अस्तर. फुलं गल्लीले, आन अस्तर मले! सगळ्या जन्मभर तेच केलं तुम्ही. दुकानात गोड, फाटकापाशी गोड, आन घरात अस्तर!"

या वाक्यावर तिचा आवाज एकदम फाटला. रागाने नाही. तिने तोंड फिरवलं. ते खरं होतं. तेवढ्यात तिने डोळे पुसले, दम घेतला आणि पातळांवर परत गेली. त्यानंतर विषय माझ्या सासूवर येणार हे मला दिसत होतं.

मी उठलो. त्या क्षणी मी काय विचार केला ते सांगता येणार नाही. बहुतेक केलाच नाही. मी डाव्या खिडकीपाशी गेलो आणि सगळ्या अडीचपट कापडासकट पडदा एका ओढीत बाजूला सारला. मग उजवा.

आवाज जागच्या जागी बंद झाला. बोट मात्र वरच राहिलं.

बाहेर अंधारात आनंदाबाई ओट्यावर रिकाम्या बसल्या होत्या. आमचा उजेड तोंडावर पडताच त्या दचकल्या आणि हसल्या. त्यांनी लगेच सुनेला हाक मारून तिचीही खुर्ची बाहेर मागवली.

"खुशाल!" मी खिडकीतून ओरडलो. "घडी आण रे बाबा. खिळा तिथंच हाय."

मग पोळपाट घेतला आणि टीव्हीसमोर बसलो. जेवणं झालेली होती, पण बोट वर होतं. खुशाल झाडावरून घड्याळ उतरवून घेऊन आला. कावळ्यांची घाण पुसून ते खिळ्याला लावलं आणि बाहेर जाऊन दिसतं का ते पाहून आला. जाताना दाराशी थांबून म्हणाला, "काकाजी, घडी घेऊन गेलो आन त्या रातच्याले झोपच लागली नाई. तुमच्या घरात काय चालून राह्यलं, बरं हाय का नाई, काहीच समजेना." हे त्याने कचेरीच्या भाषेत नाही सांगितलं. मला त्यावर जे वाटलं ते मी पिठाच्या हातानेच पुसलं.

आता समोरचे दोन्ही पडदे दोरीने बांधून खिडकीच्या कडेला असतात. डब्याच्या चुण्या तशाच छान दिसतात, पाहुणे वा वा करतात. स्वयंपाकघरातला पडदा मात्र मी स्वतः उतरवला आणि झोपायच्या खोलीत कूलरच्या वर लावला. फुलं आतल्या बाजूला. उज्वलाने सकाळी उठून तो बराच वेळ पाहिला. त्या दिवशी माझ्या चहात तिने चिमूटभर गूळ घातला.

फक्त एक झालं. जाड अस्तराची, आवाज बाहेर न जाऊ देणारी खोली आता घरात तेवढी एकच आहे. तिथे मी दिवसा पाय ठेवत नाही, आणि रात्री दारातूनच, झोप लागल्यासारखे डोळे मिटून आत जातो.